पाच गुणांचे प्रमेय

त्रिकोण काढून झाल्यावर तिने खडू डाव्या हातात घेतला आणि उजव्या तळव्याचा घाम स्कर्टला पुसला. मग खडू पुन्हा उजवीकडे. वर ए, खाली बी आणि सी, मध्ये पायाला समांतर पीक्यू. पट्टी न लावताही रेषा सुतासारखी सरळ आली. मागून कुणीतरी हळूच म्हणाले, "गाईड उघडलं बघा."

वर्ग तोंडातल्या तोंडात हसला. हे नाव तिला आठवीपासून चिकटले होते. बाजारात मिळणाऱ्या उत्तरांच्या पुस्तकात जसे उत्तर छापलेले असते, तसेच ते हिच्या पेपरात उतरते, काना-मात्रेसकट. चाचणीचे पेपर आज परत मिळाले होते. विसापैकी वीस तिला एकटीलाच होते, म्हणून शेवटचे पाच गुणांचे प्रमेय सरांनी नमुना म्हणून तिला फळ्यावर लिहायला सांगितले होते.

ती लिहू लागली. लिहिताना ती विचार करत नसे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, या चार शब्दांना तिच्या मनात एक चाल होती. पहिला शब्द उचलला की दुसरा त्याचे बोट धरून येई आणि दुसऱ्याच्या मागून तिसरा. हात थांबला तर सगळे विखुरेल एवढीच तिला भीती असे. म्हणून ती भराभर लिही, आणि भराभर लिहिते म्हणून हिला सगळे येते असे लोकांना वाटे.

दुसऱ्या बाकावरून तिची शेजारीण उठली. शेजारणीला विसापैकी नऊ होते आणि त्याचे तिला काही वाटत नव्हते.

"सर, पीपासून सी आणि क्यूपासून बी, या दोनच रेषा का जोडल्या? दुसऱ्या कुठल्या का नाहीत?"

सरांनी खुर्चीतून फळ्याकडे मान केली. "तू सांग."

ती फळ्याकडे तोंड करूनच उभी राहिली. आतमध्ये, जिथे उत्तर असायला हवे, तिथे पुढचे वाक्य रांगेत उभे होते. तिने त्यालाच थांबवून धरले.

"रचना आहे म्हणून," ती म्हणाली.

"बरोबर. रचना," सर म्हणाले.

शेजारणीने ते वहीत लिहून घेतले आणि ती खाली बसली. खडू पुन्हा चालू लागला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीत पीक्यू हा सामाईक पाया आला, समांतर रेषांमधली उंची आली, आणि नेमके तिथे सर मागच्या बाकांकडे बघून त्यांच्या नेहमीच्या संथ आवाजात म्हणाले, "खिडकीबाहेर उत्तर लिहिलेलं नाही."

मागच्यांनी माना आत घेतल्या. तिचा खडू मात्र फळ्याला टेकलेला तसाच राहिला. तिच्या मनात पुढचे म्हणून जे वाक्य तयार होते, ते हेच होते.

उरलेले तिने कसेबसे पुरे केले. जागेवर येऊन पेपर उघडला आणि शेवटच्या पानावर आली. चौथी ओळ. पीक्यू हा सामाईक पाया, पीक्यू समांतर बीसी म्हणून उंची समान. खिडकीबाहेर उत्तर लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही त्रिकोणांची क्षेत्रफळे समान. तिच्या वळणदार अक्षरात, निळ्या शाईत. त्यावरून सरांची लाल बरोबरची खूण गेली होती, आणि समासात पाचातले पाच.

शेजारीण वाकून बघू लागली, तशी तिने पान मिटले.

*

संध्याकाळी घरात इस्त्रीचा वास होता. आई गल्लीतल्या दोन लॉन्ड्र्यांचे कपडे घरी आणून इस्त्री करी. पाणी शिंपडायचे, कॉलर, मग बाह्या, मग पाठ. या कामाच्या ठेक्यावरच लेक गणिते पाठ करायची. शाळेत सर बोलतील तो शब्द न् शब्द ती वहीत उतरवून घेई. घरी आल्यावर वही टेबलाच्या टोकाला उघडी ठेवायची, आईने एका डोळ्याने कपडा बघायचा, एका डोळ्याने वही, आणि हिने भिंतीकडे तोंड करून म्हणायचे. आई सहावीपर्यंत शिकलेली. पण कुठे 'म्हणून' गळाले, कुठे 'परंतु'च्या जागी 'आणि' आले, ते तिच्या कानाला लगेच खटके. आता तर वही न बघताही ती चुका काढी. या घरात प्रमाणाचे मूलभूत प्रमेय दोघींना पाठ होते.

टेबलावर अर्ज पडला होता. पुढच्या वर्षी गणिताचे दोन वर्ग होणार होते, एक साधा आणि एक वरचा. वरच्यात जायचे तर अर्जावर तीन सह्या लागत, आपली, वडिलांची आणि गणिताच्या सरांची. शनिवार शेवटचा दिवस होता. बाबांनी सकाळीच, कामावर जाण्याआधी, रुमालाने हात पुसून सही केली होती. आडनाव चौकटीत मावले नव्हते म्हणून ते शेवटी वर चढले होते. तिची चौकट कोरी होती.

बाबा लिफ्ट दुरुस्त करीत. जेवताना आज त्यांनी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या वकिलाची गोष्ट सांगितली. तो आतून दार बडवत होता आणि बाहेरून ते त्याला समजावत होते की साहेब, दार ढकलू नका, आत आहात तोवर तुम्हाला काही होत नाही. वकिलाने आतूनच त्यांच्यावर खटला भरण्याची धमकी दिली. शेवटी बाहेर आला तेव्हा पहिल्यांदा त्याने आरशात बघून भांग सारखा केला, म्हणे. आई हसली, तीही हसली.

"आमची बाई इंजिनीअर झाली की लिफ्ट अडकणारच नाही असं काहीतरी काढेल," बाबा म्हणाले. "मग मी घरी बसायला मोकळा."

"तुम्ही घरी बसलात तर मला लिफ्टमध्ये जाऊन बसावं लागेल," आई म्हणाली.

बाबांनी तिच्या पेपराचे पहिले पान पाण्याच्या तांब्याला टेकवून उभे केले होते, आणि प्रत्येक घासाला ते त्याच्याकडे बघत होते. कामावरच्या सगळ्यांना सांगून झाले होते. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना सांगून झाले होते. त्या वकिलालासुद्धा, तो बाहेर आल्यावर, सांगून झाले होते.

ताटे उचलल्यावर बाबा गॅलरीत गेले. आईने इस्त्री पुन्हा तापत ठेवली आणि एक पांढरा शर्ट पसरला. ती टेबलाशी घुटमळत राहिली.

"आई, ती खिडकीची ओळ आहे ना. ती प्रमेयातली नव्हती."

आईने शर्टावर पाणी शिंपडले. "वहीत होती की."

"सर मागच्या मुलांना बोलले होते ते. मी लिहून घेतलं."

"मी तर तुला किती वेळा सांगितलं, खिडकीचं राहिलं, खिडकीचं राहिलं म्हणून." आईचा हात हवेतच थांबला. "मार्क कापले?"

"नाही."

"मग झालं तर."

इस्त्री कॉलरवरून फिरली. आईच्या कपाळावर एक आठी आली आणि ती शर्टाबरोबर गेली नाही. हिला सांगायचे होते की मला ती ओळ वेगळी वाटलीच नाही, आई. तिच्या आधीची आणि नंतरची जशी, तशीच ती. यातले काय गणित आणि काय खिडकी, ते मला ओळखू येत नाही. पण गॅलरीतून बाबांचा शिटी वाजवण्याचा आवाज येत होता. बाबा शिटी क्वचितच वाजवत. तिने पेपर तांब्यापासून काढून दप्तरात ठेवला. अर्जही ठेवला.

ती अंथरुणावर पडली तेव्हा तिला पुढची दोन वर्षे दिसली. रोज एक वही. रोज भिंतीकडे तोंड. प्रत्येक पैकीच्या पैकीनंतर आणखी एक दार बाहेरून लागणार, आणि बाहेरची माणसे प्रेमाने म्हणणार, ढकलू नकोस.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत गेली. सर टेबलाशी एकटेच होते. खाकी कव्हराची ती जुनी वही त्यांच्यासमोर होती, जिच्यातून ते शिकवत. कडा तेलकट झालेल्या, शिवण दोनदा नव्याने घातलेली. त्यांनी तिच्या हातातला अर्ज पाहिला आणि पेन हातात घेतले.

"आण. म्हटलं, हिला एवढा उशीर का."

तिने अर्ज दिला नाही. पेपर उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि चौथ्या ओळीवर बोट टेकवले. रात्रभर जुळवलेली सगळी वाक्ये ऐन वेळी पसार झाली होती.

सरांनी वाचले. डोळे ओळीच्या शेवटापर्यंत गेले आणि पुन्हा सुरुवातीला आले. ते तिच्यावर चिडतील असे तिला वाटले होते. निदान हसतील असे तरी.

"वाचलं होतं मी," ते म्हणाले.

टेबलाच्या काचेखाली जुने वेळापत्रक होते. ती त्यातले वार वाचत उभी राहिली.

"पंचवीस वर्षं हे वाक्य म्हणतोय. कुणी लिहून घेतलं नव्हतं." त्यांनी पेनाचे टोपण लावले. "तपासताना आधी हसलो. मग वाटलं, तुला बोलवावं आणि विचारावं, बाई गं, तुला यातलं कळतं का. मग वाटलं, विचारलं तर तू सांगशील."

मग त्यांनी ते सांगितले, जे त्यांनी कुणा विद्यार्थ्याला सांगायला नको होते. दहा मुले झाली तरच वरचा वर्ग उघडतो. नऊ अर्ज आले होते. दहावा हिचा. वर्ग उघडला नाही तर सरांकडे पाचवी-सहावीचे पाढे आणि मोकळ्या तासांना हजेरी, आणि निवृत्तीला चार वर्षे. हे सगळे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. पेपरावरचा एक बारीक केस बोटाने बाजूला सारता सारता बोलले.

तिला वाटले होते की कुलपाची किल्ली सरांच्या खिशात असेल. ते तर आतच होते, तिच्याही आधीपासून, खाकी वही मांडीवर घेऊन.

"काय कळत नाही?" सरांनी विचारले.

"उंची."

"कुठली?"

"दुसऱ्या ओळीतली. त्रिकोण एपीक्यू आणि त्रिकोण पीक्यूबी यांची उंची समान, असं लिहितो आपण. मला उंची दिसत नाही. उंची म्हणजे खालून वर ना. एक त्रिकोण वर आहे, एक त्याच्या खाली. मग समान कशी?"

"सोपं आहे," सर म्हणाले आणि खुर्चीत सावरून बसले. दोन्ही त्रिकोणांचा क्यू हा शिरोबिंदू सामाईक असून त्यांचे पाये एकाच रेषेवर आहेत, म्हणून. शब्द तेच होते, त्याच क्रमाने. तिच्या ओठांवर पुढचा शब्द सरांच्या आधी येत होता. 'सबब'नंतर ते जिथे श्वास घेत तिथे तिनेही घेतला. सरांच्या ते लक्षात आले. ते मध्येच थांबले, मग दुसरीकडून सुरुवात करून पाहिली, आणि तीन शब्दांनंतर पुन्हा त्याच वाटेवर येऊन पडले.

बाहेर मैदानात कुणाचा तरी चेंडू पत्र्यावर आपटला. सरांनी टेबलाच्या खणातून लाल पेन काढले, ते तिच्यापुढे ठेवले आणि शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"तूच तपास. ओळीला एक मार्क. कळली असेल तर द्यायचा."

ती बसली. शिक्षकांच्या खोलीत विद्यार्थी खुर्चीवर बसत नसत. लाल पेन हलके होते आणि त्याच्या टोकाला कुणीतरी चावल्याच्या खुणा होत्या. तिने पहिली ओळ वाचली. पीसी व क्यूबी हे रेषाखंड जोडले.

"याच का जोडल्या, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "काल मी उगाच सांगितलं."

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं," सर म्हणाले. "मी विचारलं पण नाही. पुढे कामाला येतात एवढं माहीत आहे. पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल, कोण जाणे."

तिने पहिल्या ओळीपुढे फुली मारली. दुसऱ्या ओळीशी आल्यावर तिला नुसती फुली मारवेना. समासात 'उंची कुठे?' असे लिहावे म्हणून तिने पेन टेकवले. समास दोन बोटे रुंद. आडवे मावेना. मग तिने कागद धरून फिरवला, समास आपल्या पोटाकडे येईल असा, आणि 'उं' लिहिला.

पुढचे अक्षर आले नाही.

त्रिकोण कुशीवर पडला होता. इतके दिवस तिरपी चढत असलेली एबी ही बाजू आता खाली आली होती, जवळजवळ जमिनीसारखी. तिने कागद आणखी थोडा वळवला, ती बाजू टेबलाच्या कडेला समांतर येईपर्यंत. आता वर-खाली काही नव्हते. एकाच जमिनीवर दोन तंबू शेजारी शेजारी उभे होते, एपी एकाची जागा, पीबी दुसऱ्याची, आणि दोघांची टोके वर क्यूपाशी एकाच खुंटीला बांधलेली. खुंटी एक, तर उंची दोन कशा असतील. जमीन ज्याची जास्त, तो तंबू मोठा. एवढेच.

तिने क्यूपासून जमिनीपर्यंत बोट सरळ खाली आणले. मग पुन्हा आणले.

"काय झालं?" सरांनी विचारले.

"ही," ती म्हणाली. "ही उंची."

सर उठून तिच्या खुर्चीमागे आले आणि तिच्या खांद्यावरून बघत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी कागद उलट्या अंगाला वळवला, सावकाश, भरलेले ताट वळवावे तसा. आता एसी ही बाजू खाली आली. तिथेही दोन तंबू, आणि खुंटी पीपाशी. तिसरी ओळ तिने वाचायच्या आधीच तिला कळली होती.

"फळा काही असा फिरवता येत नाही," सर म्हणाले. ते कुणाला म्हणाले ते कळले नाही.

तिने दुसऱ्या ओळीला एक मार्क दिला, तिसऱ्या ओळीला एक. चौथी ओळ तिने कागद सगळीकडून फिरवून पाहिली. सरळ, कुशीवर, उलटी. मग मान हलवली.

"ही नाही कळली."

"बरं."

"पाचवी यांच्यावरूनच येते. म्हणजे तीही नाही."

तिने बेरीज केली. पाच या आकड्यावर आडवी रेघ मारली, शेजारी दोन लिहिले आणि पेन खाली ठेवले. दोन हा आकडा तिच्या कुठल्याच पेपरात आजवर नव्हता. तो लहान दिसत होता, पण तो तिचा होता. बाबांपुढे तो कसा मांडायचा, तांब्याला टेकवून ते त्याच्याकडे बघतील का, आणि आई इस्त्री खाली ठेवून काय विचारील, याचा विचार मनात आला. तो जड होता, तरी कालच्यासारखा छातीवर बसला नाही.

"सर, मग दहा होणार नाहीत."

सर टेबलाच्या पलीकडे जाऊन आपल्या जागेवर बसले. त्यांनी अर्ज उचलला, वडिलांची ती वर चढलेली सही पाहिली, खालच्या दोन कोऱ्या चौकटी पाहिल्या.

"हा शनिवारपर्यंत तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "आधी तुझी चौकट, मग माझी. आणि चौथी ओळ उद्या याच वेळेला. अर्ज भरलास तरी, नाही भरलास तरी."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती उठली, तशी त्यांनी हाताने तिला थांबवले.

तपासलेल्या पेपरात गुण बदलले की बदललेल्या आकड्याशेजारी तपासणाऱ्याची सही लागते. सरांनी पेपर आपल्याकडे ओढला, तिच्या त्या दोनावर एक नजर टाकली आणि शेजारी सही केली. छोटी नव्हे, पूर्ण. मग खाली तारीख घातली आणि शाई वाळावी म्हणून सहीवर हलकेच फुंकर मारली.